एक जास्तीची काठी

थोरल्यानं बॅग थेट स्वयंपाकघरात आणली, तेव्हाच माईनं हातातलं काम बाजूला ठेवलं. बहिणीची ही गोल्फची बॅग तो सोळा वर्षं खांद्यावर वाहत आला होता, पण घरात तिची जागा ठरलेली होती. दाराशी, जिन्याखाली. त्याच्या आत ती कधी आली नव्हती. आज त्यानं पायानं खुर्ची सरकवली, बॅग टेबलाला टेकवून उभी केली आणि कुणाकडे न बघता नळाखाली हात धरले.

हुकलं, एवढं घरात सगळ्यांना दुपारीच कळलं होतं. सूनबाईनं आपलं शिवणाचं दुकान अर्ध्या दिवसावर बंद केलं होतं आणि सकाळपासून ती मोबाइलवर आकडे बघत बसली होती. चार दिवसांची स्पर्धा, आज शेवटचा दिवस. वरच्या वीस जणींना पुढच्या वर्षीचं कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत खेळायचा परवाना. माईची लेक टिचकी छान चालली होती. ह्या खेळात फटके जितके कमी तितकं नाव वर, आणि पाचव्या होलशी तिच्या नावापुढचा आकडा एकदम चारानं फुगला. सूनबाई म्हणाली, आकडे लिहिणाऱ्यांचं काहीतरी चुकलंय माई, एका दमात चार कसे वाढतील? दुपारभर ती तो आकडा सुधारायची वाट बघत राहिली. तो काही सुधारला नाही. शेवटी टिचकी विसाव्या बाईच्या तीन फटके मागे राहिली.

तीन. आणि वाढले होते चार. हे गणित करायला माईला मोबाइल लागला नाही.

मागच्या खोलीत माईचे यजमान, मिस्त्री, झोपून होते. त्यांच्या नाकातल्या नळीला हवा पुरवणारं यंत्र दिवसरात्र घरघरत असे, आणि आता घरातल्यांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो जरा बदलला तरी सगळ्यांच्या माना तिकडे वळत. डॉक्टर सकाळी येऊन गेले. फार दिवस नाहीत, म्हणाले. मिस्त्रींनी ते ऐकलं होतं. त्यांना एकच ऐकायचं राहिलं होतं, लेकीचं कार्ड तिच्याकडे राहिलं का ते. टिचकी एक्केचाळीस वर्षांची. उजव्या मनगटाची दोनदा शस्त्रक्रिया झालेली. आणखी एक हंगाम, फार तर, असं तिच्या डॉक्टरांनीही बजावलं होतं. तो एक हंगाम तिला हवा होता. बावीस वर्षांची असताना ती ज्या मैदानांवर घाबरत घाबरत उतरली, तिथे एकदा परत जाऊन नीट निरोप घ्यायचा होता, इतकंच. दुखावलेल्या हातानं मधेच गळून पडायचं नव्हतं. बापलेकीचं हे ठरलं होतं.

"चहा घे आधी," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे मिस्त्रींची धाकटी बहीण. भाऊ आजारी पडल्यापासून ती पिशवी घेऊन इथेच राहायला आली होती. जीभ तिखट, पण रात्ररात्र भावाच्या उशाशी बसायची तीच.

थोरल्यानं चहाकडे बघितलं नाही. त्यानं बॅगेचा लांब खिसा उघडला, पावसाचा कोट ठेवायचा तो, आणि आतून एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. गुडघ्याएवढी काठी. मुठीला काळी पट्टी गुंडाळलेली, झिजून तुळतुळीत झालेली. लोखंडी डोक्यावर पुरुषाचा राखाडी मोजा चढवलेला, वर दोऱ्याची गाठ.

ती काठी घरात कोणाला माहीत नव्हती? मैदानामागच्या दुरुस्तीच्या खोलीत मिस्त्रींनी सबंध हयात घालवली. वाकलेल्या काठ्या सरळ करायच्या, मुठी बदलायच्या, सुटलेली डोकी चिकटवायची. घरात त्या साऱ्याला काठ्याच म्हणत. चौतीस वर्षांपूर्वी कुणा साहेबानं चेंडू तळ्यात गेला म्हणून रागारागानं एक काठी झाडावर आपटली आणि मोडकी टाकून दिली. मिस्त्रींनी मोडलेला भाग करवतीनं कापला, पट्टी गुंडाळली आणि सात वर्षांच्या पोरीच्या हातात दिली. खोलीमागे भिंतीला जुनी गादी टांगून ती दिवसभर तिच्यावर चेंडू मारत बसायची. मारायची म्हणजे टिचकी दिल्यासारखी, मनगटातून. तेव्हापासून नावच पडलं.

"कोटाच्या खाली होती," थोरला म्हणाला. "पाचव्या होलला भुरभुर सुरू झाली म्हणून कोट ओढला, तर ही खाली गवतावर पडली."

मग त्यानं सांगितलं. बॅगेत चौदा काठ्या चालतात. पंधरावी असली की ती वापरा न वापरा, मोडकी असो की पोराची, काठी ती काठीच. होलमागे दोन फटक्यांचा दंड, जास्तीत जास्त चार. सकाळी सुरू करण्याआधी त्यानं रोजच्यासारखी वरची डोकी मोजली होती. चौदा भरली होती. मोजणं त्याचं काम, म्हणून चूक त्याची, हे त्यानं वाटेत गाडीत बहिणीला सांगून टाकलं होतं. 

"कुणी बघितलं नव्हतं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला. "बाकीच्या दोघी पुढे गेल्या होत्या. मी तिच्यावर पाय ठेवला. टिचकीकडे बघितलं. तिनं पंचाला बोलवायला हात आधीच वर केला होता. मला म्हणाली, पाय काढ दादा."

सूनबाईनं डोळ्यांना पदर लावला. माई टेबलाची कडा धरून उभी होती. 

"पण मला सांगा," थोरला म्हणाला, "ही तिथे ठेवली कुणी?"

घरात इनमिन माणसं किती. आत्यानं कपात चमचा फिरवला, दोनदा जास्तच फिरवला, आणि म्हणाली, काल बॅग दाराशी होती. दाराशी इस्त्रीचं टेबल कुणाचं असतं? कपड्यांचे ढीग घेऊन संध्याकाळभर तिथे कोण उभं असतं? ती कुणाचं नाव घेत नव्हती. पण ज्या बाईनं लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून नवऱ्याला बहिणीच्या मागे गावोगाव फिरताना बघितलं, तिला तो घरी हवासा वाटला तर त्यात नवल ते काय, असं म्हणून तिनं चमचा बशीत ठेवला.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण थोरल्यानं त्यावर आत्याला गप्प करायला हवं होतं, ते केलं नाही. त्यानं बायकोकडे बघितलं. क्षणभरच, पण त्या बघण्यात एक प्रश्न होता, आणि सूनबाईला तो दिसला. माईलाही दिसला. आणि तरीही माईची जीभ हलली नाही. बोल, बोल की मेले, असं ती स्वतःलाच म्हणत होती, आणि तोंड उघडत नव्हतं. कुणीतरी दुसरीच आरोपी होतेय, आणि आपण त्या आडोशाला उभ्या आहोत, ह्याची तिला लाज वाटत होती आणि त्या लाजेतही जरासं हायसं वाटत होतं. माणूस किती हलकं असतं हे तिला त्या घटकेला कळलं.

सूनबाई रडली नाही, भांडलीही नाही. तिनं पदर सोडला आणि नवऱ्याला सरळ सांगितलं, "हवाच होता मला नवरा घरी. सोळा वर्षं हवा होता. आज दुपारी हुकलं असं दिसलं ना, तेव्हा पहिला विचार माझ्या मनात तोच आला, आता हे घरी राहतील. त्याची मला लाज वाटली म्हणून मी मघापासून रडतेय. पण ही काठी मी ठेवलेली नाही."

"मी ठेवली," माई म्हणाली.

 आत्यानं मान वर केली.

"वहिनी, तू? तू तर त्या बॅगेला हात लावत नाहीस."

खरं होतं. लावत नव्हती. ह्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. टिचकी सतरा वर्षांची असताना माई पहिल्यांदा आणि शेवटची मैदानावर गेली होती. शेवटचा होल, चेंडू भोकापासून वीतभर. वीतभर म्हणजे डोळे मिटून जाईल असा. टिचकीनं मान वर करून गर्दीत आईला शोधलं, हसली, आणि चेंडू भोकाच्या काठावरून फिरून बाहेर आला. पोर एका फटक्यानं हरली. कुणी माईला एका शब्दानं बोललं नाही. पण तिनंच कानाला खडा लावला. माझी नजर लागते, म्हणाली. त्यानंतर चोवीस वर्षांत लेकीनं दोन मोठ्या स्पर्धा जिंकल्या, कितींदा तरी दुसरी आली, परदेशच्या वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि माईनं ते सगळं ह्या स्वयंपाकघरात दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं. टीव्हीवर दाखवत तेव्हा ती भांडी घासायला उठे. बॅग जिन्याखाली असली तर केर काढताना तिला वळसा घालून जाई. बापलेकीच्या गप्पा त्या बॅगेभोवती रंगायच्या, कुठली काठी, कुठला वारा, किती उतार, आणि ती ऐकत बसायची पाहुण्यासारखी.

"काल दुपारी ह्यांनी बोलावलं," माई म्हणाली. आवाज चिरका झाला होता, पण ती थांबली नाही. "माळ्यावरून ही काढायला लावली. म्हणाले, उद्या शेवटचा दिवस. मी तर जाऊ शकत नाही, माझ्याऐवजी ही जाऊ दे तिच्याबरोबर. तिला सांगू नकोस, संध्याकाळी आली की मीच सांगेन. मी म्हटलं, आत्याबाईंना सांगा, थोरल्याला सांगा, मला नको. ते म्हणाले, नाही, तूच ठेव."

"आणि बाबांनी चौदाचं सांगितलं नाही?" थोरल्याला ते खरंच वाटेना. "बाबांनी?"

"सांगितलं रे."

इथे मात्र तिचा बांध फुटला. सांगितलं होतं त्यांनी, दम लागत लागत दोनदा सांगितलं होतं. चार नंबरची लोखंडी आहे, टिचकी ती हल्ली वापरत नाही, ती बाहेर काढ आणि मगच ही आत ठेव. माईनं ती शोधली. चारचा आकडा बघून ओढूनही काढली. आणि ती हातात घेऊन उभी राहिली तेव्हा तिच्या मनात आलं, पोरीचं हत्यार ते. आपल्याला काय कळतंय ह्यातलं? नेमकी हीच लागली तर? माईचा जन्मभराचा एकच शिरस्ता होता, जाणाऱ्याच्या सामानात एक जास्तीचं असावं. एक जास्तीचा टॉवेल, जास्तीचा रुमाल, जास्तीची बटणं आणि सुईदोरा. टिचकी पहिल्यांदा परदेशी गेली तेव्हा तिच्या पेटीत दोन कंगवे सापडले होते आणि त्यावरून घरात वर्षभर चेष्टा चालली होती. जास्तीनं कधी कुणाचं नडत नाही, असं माई म्हणे. नडतं ते कमीनं.

"म्हणून मी चार नंबरची परत ठेवली," ती म्हणाली. "आणि हीही ठेवली. म्हटलं, दोन्ही असू देत. वाजू नये म्हणून ह्यांचा मोजा घातला."

 थोरला खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. तो हसतोय की रडतोय हे माईला कळेना, बहुधा दोन्ही करत होता. दोन कंगवे, एवढेच शब्द त्याच्या ओंजळीतून ऐकू आले.

आत्यानं आपला न प्यालेला कप उचलला आणि सूनबाईपुढे सरकवला. माफी मागायची आत्याची तेवढीच रीत होती. सूनबाईनं कप घेतला. थोरल्यानंही बायकोच्या खांद्याला हात लावला, पण तिनं खांदा हळूच काढून घेतला. त्या बघण्याचा हिशोब ती दोघं पुढे कधीतरी करणार होती, आज घरात त्याला जागा नव्हती.

आता प्रश्न होता मागच्या खोलीचा. मिस्त्री जागे होते. संध्याकाळपासून दोनदा विचारून झालं होतं, गाडी आली का. थोरल्याचं म्हणणं, खरं सांगायचं. जेवढे मारले तेवढे सांगायचे, हे बाबांनीच बोटाला धरून शिकवलं, टिचकीनं लहानपणी एक फटका लपवला तेव्हा आठ दिवस काठी काढून घेतली होती. त्यांच्याशीच खोटं बोलायचं? आत्या म्हणाली, तुझ्या खऱ्याला काय चाटायचंय आता? आपल्याच हातानं लेकीचं कार्ड घालवलं, हे उराशी घेऊन त्याला जाऊ देऊ? मी नाही देणार. थोरला म्हणाला, मग माईचं नाव घेऊ नका, मी मोजायला चुकलो म्हणा. आत्या म्हणाली, म्हणजे लेकानं घालवलं म्हणून सांगायचं, ते बरं? दोघांचे आवाज चढायला लागले तसं सूनबाईनं दार लोटून घेतलं.

"बोलायचं टिचकीताईंना आहे," ती म्हणाली. "आपण कोण ठरवणार?"

माई तिकडे ऐकतच नव्हती. तिला एकच कळत होतं. हे जर त्यांना समजलं, तर जाताना त्यांच्या डोळ्यांत शेवटचं जे असेल ते ह्याचंच दुःख असेल, आणि ते तिनं दिलेलं असेल. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना बरंच काही कमी दिलं होतं. हे एक मात्र जास्तीचं.

मागच्या दाराची कडी वाजली आणि टिचकी आत आली. ती मघाच आली होती, पण दर खेळानंतरची तिची रीत होती, आधी अंगणातल्या नळावर बूट धुवायचे, तळव्यांतली माती काडीनं काढायची. हरो जिंको, त्यात बदल नाही. स्वयंपाकघराची खिडकी नळावरच उघडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे तिच्याकडे बघितल्यावर कुणाला विचारावं लागलं नाही. धुतलेले बूट तिनं दाराशी जोडीनं ठेवले.

माई पुढे झाली.  तिनं नुसते हात पुढे केले आणि ते तसेच राहिले.

"माई, मला तुझा राग आलाय," टिचकी म्हणाली. शांतपणे म्हणाली, आणि डोळे भरलेले होते. "खूप आलाय. जाईल तो, मला माहितेय जाईल. पण आज नाही जाणार."

"नको जाऊ दे," माई म्हणाली.

टिचकी टेबलाशी आली. मोज्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला, सुटली नाही. माईची गाठ होती ती. मग तिनं मोजा तसाच ओढून काढला, काठीचं गंजलेलं डोकं अंगठ्यानं पुसलं, आणि विचारलं, बाबांनी कुठली काढायला सांगितली होती?

"चार नंबरची."

टिचकीनं मान डोलावली. तोंडावर पाणी मारलं, बाहीनं पुसलं, केस मागे घेतले. एखाद्या अवघड फटक्याआधी ती असंच करायची, असं थोरला नेहमी सांगायचा. माईनं ते कधी बघितलं नव्हतं. आज बघितलं.

ती काठी घेऊन आत गेली. बाकीचे दाराशी थबकले. माईला कुणी बोलावलं नव्हतं, पण मिस्त्रींच्या पाण्याची वेळ झाली होती, म्हणून ती पेला घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली.

मिस्त्री उशीला टेकून बसलेले होते. आत्यानं संध्याकाळी त्यांची दाढी केली होती आणि गालाची हाडं आणखीनच वर आली होती. लेकीला बघून त्यांनी पांघरुणावरचे हात हलवले. त्या हातांना चिकटद्रव्याचे जुने पिवळे डाग होते, ते आता कधी निघणार नव्हते.

"किती मारले?" त्यांनी विचारलं. पहिला प्रश्न नेहमी हाच.

"एकोणसत्तर."

ते खरं होतं. मारले तिनं एकोणसत्तरच होते. दंडाचे चार कुणी मारलेले नसतात, ते नुसते लिहिलेले असतात. मिस्त्रींनी डोळे मिटले आणि उघडले. एकोणसत्तर म्हणजे किती चांगला खेळ ते ह्या घरात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

"मग कार्ड?"

 थोरल्यानं मागून माईचं कोपर धरलं.

"राहिलं, बाबा," टिचकी म्हणाली.

दोन्ही उत्तरं तिनं एकाच चेहऱ्यानं दिली. जी पोर चाळीस जणांच्या देखत स्वतःवर दंड मागून घ्यायची, जिनं आज सकाळी भावाच्या पायाखालची काठी पंचाला दाखवली, ती बापाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलली आणि तिची पापणी लवली नाही. माईला वाटलं, ह्या पोरीला आज दोनदा किंमत मोजावी लागली, आणि दुसरी पहिल्यापेक्षा भारी होती.

 मिस्त्रींची नजर लेकीच्या हातातल्या काठीकडे गेली आणि त्यांना हसू आलं. सापडली का, म्हणाले. टिचकी म्हणाली, पाचव्या होलला सापडली, कोटाखाली होती.

"कुठली काढली होती तिनं?"

हा मिस्त्रींचा प्रश्न. जाताजातासुद्धा चोख. 

"चार नंबरची."

"नीट काढली?"

"नीट काढली, बाबा. मी मोजल्या. चौदा होत्या."

मिस्त्रींनी मान वळवली आणि उंबऱ्यावर माईला बघितलं. बोटानं तिला जवळ बोलावलं. ती आली, पेला तसाच हातात. त्यांना एकेक शब्द ओढून काढावा लागत होता, मध्ये यंत्राची घरघर.

"बघितलंस," ते म्हणाले. "तुझा हात लागला, आणि राहिलं."

माईला काही कळेना.

"थोरल्याला सांगता आलं असतं मला. मुद्दाम नाही सांगितलं." ते थांबले, दम घेतला. "चोवीस वर्षं नजर लागते, नजर लागते. म्हटलं, मी जायच्या आधी एकदा हिचा हात लागू दे. म्हणजे पुढच्या वर्षी ही जाईल बघायला. पोरीबरोबर कुणीतरी हवं ना."

 माईला ओरडून सांगावंसं वाटलं, अहो लागली हो, लागलीच नजर, ह्या हातांनीच घालवलं. ओठांपर्यंत आलं. आणि टिचकीनं पलंगावरून तिच्याकडे बघितलं. चोवीस वर्षांपूर्वी गर्दीतून बघितलं होतं, तसंच सरळ. त्या वेळी हसून बघितलं होतं. आत्ता विनवत होती.

"जाईन," माई म्हणाली. "जाईन मी बघायला."

"जा," मिस्त्री म्हणाले. मग लेकीला म्हणाले, "आणि ही आता काढू नकोस बॅगेतून. चार नंबरची राहू दे घरी. सगळीकडे ने हिला."

"नेईन, बाबा."

त्यांना बॅग बघायची होती. थोरल्यानं ती उचलून आणली आणि पलंगाच्या पायथ्याशी, त्यांना दिसेल अशी उभी केली. आत्या आणि सूनबाई दाराशी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. मघाशी एकीनं दुसरीला चोर ठरवलं होतं, हे बघणाऱ्याला खरं वाटलं नसतं. बॅगेतल्या साऱ्या काठ्यांची डोकी दिव्याच्या उजेडात चमकत होती, आणि त्यांत चार नंबरचीही होती. पण इतक्या लांबून आकडा वाचण्याइतकी मिस्त्रींची नजर आता राहिली नव्हती.

टिचकी उठली. लहान काठी तिनं माईपुढे धरली.

"तू ठेव," ती म्हणाली.

माईनं पेला खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि काठी घेतली. उंच काठ्यांच्या मधे ती लहानगी आत घसरून दिसेनाशी व्हायला लागली, म्हणून माईनं तिला कडेला आणलं आणि बॅगेच्या पट्ट्यात अडकवून ती वर दिसेल अशी बसवली. मिस्त्री बघत होते. समाधानानं बघत होते. चौदा आणि ही एक. आता मोजायला कुणी येणार नव्हतं, म्हणून एक जास्त असली तरी चालणार होतं.